सीएनसीवर सर्किट बोर्ड कोरायचाय? सॉफ्टवेअर मशीनच्या बाजूने बसवत या

टेबलावर मावणारं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणारं आणि कापणारं मशीन, आता अनेकांकडे दिसतं. लाकडावर नाव कोरून झालं, ॲक्रिलिक कापून झालं की पुढचा विचार हमखास येतो: याच मशीनवर सर्किट बोर्ड का करू नये? मशीनच्या बाजूने पाहिलं तर करता येतो, आणि चांगला होतो. बहुतेकांची गाडी अडते ती सॉफ्टवेअरपाशी. शोधायला बसलं की कीकॅड, फ्लॅटकॅम, पीसीबी-टू-जीकोड, बीसीएनसी, कँडल, जीआरबीएल, युनिव्हर्सल जी-कोड सेंडर अशी नावांची रांग समोर येते. यातलं कोणतं कशासाठी, एक पुरे की सगळी लागतात, आधी काय बसवायचं, हे मात्र सलग कुठे वाचायला मिळत नाही. मग एक बसवलं, ते उघडलंच नाही. दुसरं बसवलं, ते उघडलं पण मशीन दिसेना. आणि मशीन पुन्हा लाकडावर नावं कोरायला जातं.

ही सगळी सॉफ्टवेअर मुक्त स्रोताची आहेत. म्हणजे त्यांचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. ती उत्तम आहेत, आणि बसवायला वाटतात तितकी अवघडही नाहीत. फक्त ती कोणत्या क्रमाने बसवायची, यावर बरंच काही ठरतं. बहुतेक जण डिझाइनपासून सुरुवात करून मशीनकडे येतात. मला विचाराल तर हा क्रम उलटा करावा. आधी मशीनशी बोलणारा प्रोग्रॅम, मग मार्ग आखणारा, आणि डिझाइनचा सर्वांत शेवटी. का, ते पुढे येईलच.

बोर्ड कोरायचा म्हणजे नेमकं काय कोरायचं?

कोरा बोर्ड म्हणजे वीज न वाहणाऱ्या पत्र्यावर तांब्याचा अतिशय पातळ थर. नेहमीच्या बोर्डाची एकूण जाडी १.६ मिलिमीटर असते आणि त्यावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर. अशा बोर्डावर विजेच्या वाटा तयार करायच्या तर दोन मार्ग आहेत. नको असलेलं सगळं तांबं रसायनात विरघळवायचं, किंवा प्रत्येक वाटेच्या कडेने एक बारीक चर कोरून ती वाट बाकीच्या तांब्यापासून तोडायची. सीएनसीवर आपण दुसरं काम करतो. त्याला आयसोलेशन मिलिंग म्हणतात. मधलं जादा तांबं तसंच राहतं. ते कशालाही जोडलेलं नसतं, त्यामुळे बहुतेक सर्किटांत त्याचा त्रास होत नाही.

यातली मेख खोलीत आहे. तांबं कापलं जाण्यापुरतं मशीनचं कापणारं टोक खाली गेलं पाहिजे, पण त्यापेक्षा फार खाली गेलं तर चर रुंद होतो आणि बारीक वाटाच खाऊन टाकतो. ०.०५ ते ०.१ मिलिमीटर या पट्ट्यात सगळा खेळ चालतो. लाकूडकामात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. इथे तेवढ्याने बोर्ड वाया जातो. म्हणूनच लाकडासाठी वापरत असलेलं सॉफ्टवेअर इथे पुरत नाही.

एक काम नाही, तीन कामं

घर बांधताना आर्किटेक्ट नकाशा काढतो, मुकादम तो वाचून कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं ते ठरवतो, आणि गवंडी सांगितलेली वीट सांगितल्या जागी बसवतो. गवंड्याला पूर्ण घर कसं दिसणार हे माहीत असण्याची गरज नसते. सर्किट बोर्डाची सॉफ्टवेअरंही अशीच तीन भूमिकांत वाटलेली आहेत.

नकाशा काढायला कीकॅड. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. कणभौतिकीसाठी प्रसिद्ध असलेली सर्न ही संशोधन संस्था २०१३ पासून त्याच्या विकासात सहभागी झाली. कीकॅड बोर्डाचं चित्र गर्बर नावाच्या स्वरूपात बाहेर देतं. तांब्याच्या प्रत्येक थराची एक फाइल, कडेची एक, आणि भोकांची वेगळी. त्या भोकांच्या फाइलला एक्सेलॉन फाइल म्हणतात.

मुकादमाचं काम फ्लॅटकॅम किंवा पीसीबी-टू-जीकोड करतं. गर्बर फाइलमध्ये फक्त ‘इथे तांबं हवं’ एवढंच असतं. टोक कुठून फिरवायचं, किती खोल, किती वेगाने, हे त्यात नसतं. ते ठरवून हा प्रोग्रॅम जी-कोड तयार करतो. जी-कोड म्हणजे मशीनला ओळीओळीने दिलेले हुकूम.

गवंडी म्हणजे मशीनच्या मोटरी चालवणाऱ्या कंट्रोलर बोर्डात बसलेला जीआरबीएल हा प्रोग्रॅम. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ मध्ये लिहिलं. ते आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर, अवघ्या ३२ किलोबाइट जागेत मावतं. या छोट्या चिपमध्ये पूर्ण फाइल राहू शकत नाही, म्हणून संगणकावरचा आणखी एक प्रोग्रॅम तिला थोडे थोडे हुकूम भरवत राहतो. त्याला सेंडर म्हणतात. बीसीएनसी, कँडल आणि युनिव्हर्सल जी-कोड सेंडर हे तिन्ही सेंडर आहेत. यातला एकच लागतो.

गंमत अशी की गर्बर आणि जी-कोड एकाच घराण्यातले आहेत. दोघांचं मूळ आरएस-२७४ या जुन्या मानकात सापडतं. गर्बर फाइल मुळात प्रकाशाच्या ठिपक्याने फिल्मवर बोर्डाचं चित्र काढणाऱ्या यंत्रांसाठी होती आणि जी-कोड धातू कापणाऱ्या यंत्रांसाठी. तरीही गर्बर फाइल थेट सेंडरमध्ये टाकून चालत नाही. नवख्या माणसाची बरीच शक्ती याच गोंधळात जाते.

शेवटच्या टोकापासून का सुरू करायचं?

कारण साखळीत बिघाड झाला की तो नेहमी शेवटी दिसतो. मशीन हललं नाही, तर दोष डिझाइनचा, मार्गाचा, सेंडरचा, ड्रायव्हरचा की केबलचा? पाचही नवीन असतील तर शोधायचं कुठे? आधी मशीन आणि सेंडर यांची गाठ पक्की घातली, हाताने दिलेल्या हुकमावर मशीन बरोबर १० मिलिमीटर सरकतं याची खात्री केली, की पुढे काहीही बिनसलं तरी दोष साखळीच्या आधीच्या भागातच कुठेतरी असणार हे नक्की होतं.

तर पहिलं पाऊल म्हणजे केबल लावणं. मशीनच्या कंट्रोलरवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० नावाची स्वस्त चिप असते. विंडोजवर तिचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा बसवावा लागतो. बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक कॉम पोर्ट दिसतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच असतो, पण तिथे दोन अडथळे वाट अडवतात आणि दोन्हींबद्दल पडद्यावर धड सूचना येत नाही.

पहिला अडथळा परवानगीचा. डेबियन आणि उबुंटूमध्ये सिरियल पोर्ट वापरायला तुमचं खातं ‘डायलआउट’ या गटात असावं लागतं. आर्च लिनक्सवर त्याच गटाचं नाव ‘यूयूसीपी’ आहे. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून भागत नाही.

दुसरा अडथळा जास्त छळतो. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल पडदे चालवणारा ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्रॅम सीएच३४० चिपला ब्रेल यंत्र समजून पोर्ट ताब्यात घेतो. केबल लावताच पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. लोक केबल बदलतात, मशीन बदलून मागतात, आणि दोष असतो इथे. तुमच्या संगणकाला ब्रेल पडदा जोडलेला नसेल तर हा प्रोग्रॅम काढून टाकावा. तो ज्यांना लागतो त्यांच्यासाठी मोलाचा आहे. फक्त या चिपची ओळख पटवताना त्याची गल्लत होते.

पोर्ट दिसला की सेंडर. युनिव्हर्सल जी-कोड सेंडर जावावर चालतो आणि तिन्ही मोठ्या प्रणालींवर सारखाच वागतो, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला मी तोच सुचवेन. कँडल हलका आहे आणि विंडोजवर सरळ चालतो. बीसीएनसी दिसायला जरा रुक्ष, पण बोर्ड कोरण्यासाठी त्यात फार कामाच्या सोयी आहेत. तो पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘पिप’ या साधनाने बसतो. लिनक्सवर ‘टीके-इंटर’ हा खिडक्या काढणारा भाग वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर बीसीएनसी सुरूच होत नाही.

सेंडरमध्ये पोर्ट निवडा, संवादाचा वेग (बॉड रेट) ११५२०० ठेवा आणि जोडा. सगळं ठीक असेल तर मशीनकडून जीआरबीएलचं नाव आणि आवृत्ती सांगणारी एक ओळ येते. ती ओळ दिसली की साखळीचं शेवटचं टोक पक्कं झालं. अक्षरांच्या जागी कचरा दिसत असेल तर वेगाचा आकडा चुकलेला असतो.

आता दोन डॉलर चिन्हं टाइप करून एंटर दाबा. मशीनच्या सगळ्या सेटिंगांची यादी येते. त्यात १००, १०१ आणि १०२ क्रमांकांवर प्रत्येक अक्षाचे एका मिलिमीटरला किती स्टेप, हे असतं. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपवर प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप आणि स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे जाणारा असेल, तर आकडा ८०० येतो. एक्स अक्ष ५० मिलिमीटर सरकवून मोजपट्टीने मोजा. ४९ भरले तर जुन्या आकड्याला ५० ने गुणून ४९ ने भागा. तो नवा आकडा. लाकडावर ही तफावत लपते. चिपच्या पायांच्या भोकांची रांग मात्र लगेच चुकते.

मधला प्रोग्रॅम: खरं रण इथेच आहे

फ्लॅटकॅम हुआन पाब्लो कॅरॅम यांनी २०१४ च्या सुमारास लोकांसमोर आणलं. बोर्ड पडद्यावर पाहत, माऊसने निवडत मार्ग आखता येतात, म्हणून ते इतकं लोकप्रिय झालं. विंडोजसाठी त्याचा तयार इन्स्टॉलर मिळतो, ज्यात लागणारं सगळं आत भरलेलं असतं. विंडोज वापरत असाल तर तोच घ्या आणि हा भाग खुशाल वरवर चाळा.

मूळ कोडवरून बसवणाऱ्यांना मात्र पायथॉनचा गुंता सोडवावा लागतो. तो का होतो हे एकदा कळलं की सोडवणं जमतं.

फ्लॅटकॅम स्वतः सगळी गणितं करत नाही. आकारांच्या बाहेरून चर किती अंतरावर जाईल हे ‘शेपली’ नावाची लायब्ररी काढते. तीही आतून ‘जिऑस’ या सी-प्लस-प्लसमधल्या लायब्ररीवर उभी आहे. आकड्यांचं काम ‘नमपाय’ करते, खिडक्या आणि बटणं ‘पायक्यूटी’ काढते, चित्र ‘व्हिस्पाय’ दाखवते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड. यातली प्रत्येक स्वतंत्रपणे वाढते, बदलते, आणि बदलताना फ्लॅटकॅमला विचारत नाही.

जुनी ८.५ ही आवृत्ती पायथॉन २ वर लिहिलेली आहे, आणि पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. आजच्या प्रणालीवर ती आवृत्ती बसवायचा हट्ट धरू नये. नंतरच्या ८.९९ मालिकेतल्या बीटा आवृत्त्या पायथॉन ३ वर आहेत, आणि बरेच जण आजही त्याच वापरतात. पण त्या ज्या काळात लिहिल्या गेल्या त्यानंतर खालची जमीन सरकली. पायथॉन ३.१० पासून दशांश आकडा पूर्णांकाच्या जागी गुपचूप चालवून घेणं बंद झालं, आणि पायक्यूटी ५ वरचे कित्येक जुने प्रोग्रॅम एखादं बटण दाबताच कोसळू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये शेपली २.० आली, तिच्यात अनेक तुकड्यांच्या आकारावरून थेट एकेक करत फिरता येत नाही. नमपायच्या १.२४ या आवृत्तीने काही जुनी नावं काढून टाकली.

म्हणजे आज कुणी साधेपणाने ‘सगळ्या लायब्ररी बसव’ म्हटलं, तर पिप इमानदारीने प्रत्येकीची नवीनतम आवृत्ती आणतो आणि नेमक्या त्याच फ्लॅटकॅमला चालत नाहीत. ‘मल्टिपॉलिगॉन’वरून फिरता येत नाही अशी तक्रार करणारी चूक दिसली तर समजा, शेपली नवी आणि फ्लॅटकॅम जुनं आहे. संगणक, गर्बर फाइल, तुमचं डिझाइन, सगळं निर्दोष आहे.

यात आणखी एक भर पडली. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून प्रणालीच्या पायथॉनमध्ये पिपने थेट काही बसवू पाहिलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार मिळतो. अनेक जण तो नकार मोडून पुढे जाणारा पर्याय वापरतात. कृपया वापरू नका. तो नकार प्रणालीच्या रक्षणासाठी आहे. तिची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथॉनवर चालतात. फ्लॅटकॅमसोबत येणारी जुनी इन्स्टॉल स्क्रिप्टही याच कारणाने नव्या उबुंटूवर अर्ध्यावर थांबते.

उपाय सरळ आहे. फ्लॅटकॅमसाठी वेगळं आभासी वातावरण करायचं. पायथॉनच्या भाषेत त्याला ‘व्हेन्व’ म्हणतात: एक फोल्डर, ज्यात त्या एका प्रोग्रॅमपुरत्या लायब्ररी राहतात आणि बाकी प्रणालीला त्यांचा स्पर्श होत नाही. फ्लॅटकॅमच्या काळाचं पायथॉन घ्या, ३.८ चांगलं. तुमच्या प्रणालीत ते नसेल तर ‘पायएन्व्ह’ किंवा ‘कोंडा’ या साधनांनी जुनं पायथॉन शेजारी बसवता येतं. मग वातावरण चालू करून आवृत्त्यांना मर्यादा घालत लायब्ररी बसवा: शेपली २ च्या खालची, नमपाय १.२४ च्या खालची, पायक्यूटी ५ मालिकेतली. शेपली आणि ‘आरट्री’ या लायब्ररी बसताना कंपायलरची तक्रार करू लागल्या, तर त्यांच्या खालची जिऑस आणि ‘लिबस्पेशियलइंडेक्स’ आधी प्रणालीच्या पॅकेज मॅनेजरने बसवा.

प्रोग्रॅम उघडतो पण मधला भाग कोरा राहतो, हेही होतं. फ्लॅटकॅमचं नेहमीचं चित्र ओपनजीएल या ग्राफिक्स तंत्रावर चालतं; जुन्या ग्राफिक्स कार्डावर ते दगा देतं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ग्राफिक इंजिन ‘लेगसी टू-डी’ करा. दिसायला साधं, कामाला तेवढंच पक्कं.

हे सगळं टाळता येणार नाही का?

येतं. पीसीबी-टू-जीकोड सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं आहे आणि डेबियन-उबुंटूच्या भांडारात आहे; एका हुकमात बसतं, पायथॉनशी संबंध नाही. त्याला खिडकी नाही. ‘मिलप्रोजेक्ट’ नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये खोली, वेग, टोकाची रुंदी लिहायची आणि हुकूम द्यायचा. पहिल्या दिवशी हे रुक्ष वाटतं. पण एकदा आकडे जमले की प्रत्येक नव्या बोर्डाला तीच फाइल वापरता येते, आणि काय ठरवलं होतं हे सहा महिन्यांनीही वाचता येतं. तीच तीच माऊसची बटणं आठवत बसण्यापेक्षा मला हे अधिक भरवशाचं वाटतं. एक सांभाळा: मिलिमीटर हवे असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते इंचात विचार करतं.

आणि काहीच बसवायचं नसेल तर एमआयटीच्या सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्सचं ‘मॉड्स’ आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं. बोर्डाचं काळं-पांढरं चित्र द्यायचं, ते मार्ग काढून देतं. जगभरच्या फॅब लॅबमध्ये विद्यार्थी त्यावरच पहिला बोर्ड कोरतात. चित्राचं मोजमाप, म्हणजे इंचाला किती ठिपके, चुकलं तर पूर्ण बोर्ड लहान किंवा मोठा होतो, एवढीच काळजी.

सॉफ्टवेअर बसलं. आता कोणते आकडे भरायचे?

सर्वांत महत्त्वाचा आकडा टोकाच्या रुंदीचा, आणि तो डबीवर लिहिलेला नसतो. बोर्ड कोरायला व्ही आकाराचं टोक वापरतात, त्यामुळे चराची रुंदी खोलीवर ठरते. टोकाची सपाट रुंदी ०.१ मिलिमीटर, कोन ३० अंश आणि खोली ०.१ मिलिमीटर असेल, तर चर ०.१५ मिलिमीटरचा होतो. तेच टोक ०.३ मिलिमीटर खोल गेलं की चर ०.२६. कोन ६० अंशांचा असेल तर ०.१ मिलिमीटर खोलीलाच ०.२१ च्या पुढे. सॉफ्टवेअरमध्ये ०.१ लिहून ठेवलं आणि चर प्रत्यक्षात ०.२६ चा पडला, तर प्रत्येक वाट दोन्ही बाजूंनी ०.०८ ने बारीक होते. बारीक वाटा तुटतात त्या अशा.

दुसरी गोष्ट शून्य बिंदूची. कीकॅडमधून गर्बर आणि भोकांची फाइल काढताना दोन्हींना एकच मूळ बिंदू द्या. एकीला पानाचा कोपरा आणि दुसरीला तुम्ही ठेवलेली खूण दिली, तर भोकं पॅडच्या, म्हणजे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यांच्या, बाहेर जातात. खालच्या बाजूचा थर कोरताना चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं करावं लागतं, भोकांसकट. हे विसरलं की चिप उलटीच बसते.

तिसरी गोष्ट जीआरबीएलच्या मर्यादांची. टूल बदलण्याचा एम६ हा हुकूम आणि भोकं पाडण्याचा जी८१ हा तयार हुकूम जीआरबीएल १.१ ला कळत नाही. क्रमांक २० ची चूक देऊन ते थांबतं. फ्लॅटकॅममध्ये प्रीप्रोसेसर, म्हणजे जी-कोड कोणत्या पद्धतीने लिहायचा ते ठरवणारा भाग, म्हणून जीआरबीएलसाठीचा, एम६ वगळणारा पर्याय निवडा. पीसीबी-टू-जीकोडमध्ये हे दोन्ही हुकूम टाळण्याचे स्वतंत्र पर्याय आहेत.

आणि तयार झालेली फाइल मशीनला देण्याआधी साध्या एडिटरमध्ये उघडून वरच्या काही ओळी वाचा. मराठीत लिहिल्या तर त्या अशा दिसतील:

जी२१
जी९०
एम३ एस१००००
जी० झेड२
जी० एक्स१२.४ वाय८.१
जी१ झेड-०.०८ एफ६०
जी१ एक्स१५.९ एफ१५०

पहिली ओळ सांगते की आकडे मिलिमीटरमध्ये आहेत. तिथे जी२० दिसलं तर इंच. दुसरी म्हणते, सगळी अंतरं शून्य बिंदूपासून मोज. तिसरी स्पिंडल, म्हणजे टोक धरून फिरवणारी मोटर, चालू करते. चौथी टोक २ मिलिमीटर वर उचलते, पाचवी ते वरच्या वर सुरुवातीच्या जागी नेते. सहावी सावकाश तांब्यात उतरवते, सातवी कोरत पुढे जाते. उचलण्याआधीच आडवी हालचाल, किंवा झेड -०.०८ ऐवजी -०.८ दिसलं, तर टोक तुटण्याआधी तुम्हाला कळलं. दोन मिनिटांचं हे वाचन कुणीही टाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

पहिल्यांदा फाइल हवेतच चालवा. झेडचा शून्य बोर्डाच्या १० मिलिमीटर वर धरा आणि टोक कुठे कुठे जातं ते पाहा.

सगळे आकडे बरोबर, तरी चर अर्धवट का?

कारण बोर्ड सपाट नसतो. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या पत्र्यातही एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.२ मिलिमीटरचा फरक सहज असतो, आणि आपली एकूण खोली ०.१ सुद्धा नाही. एका कडेला टोक हवेत फिरतं, दुसऱ्या कडेला खोल रुततं.

याला उत्तर सेंडरमध्ये आहे. तांबं वीज वाहतं, म्हणून एक तार बोर्डाला आणि एक टोकाला लावून मशीनलाच पृष्ठभाग चाचपायला लावता येतं. टोक हळूहळू खाली येतं, तांब्याला टेकताच सर्किट पूर्ण होतं आणि जीआरबीएल त्या ठिकाणची उंची नोंदवतं. आर्डुइनो उनोवर त्यासाठी ए५ ही पिन ठेवलेली आहे. बोर्डावर जाळीसारखे बिंदू घेऊन असं केलं की उंचसखलपणाचा नकाशा तयार होतो. मग सेंडर जी-कोडमधल्या प्रत्येक खोलीत त्या त्या जागेचा फरक मिळवतो. याला ऑटोलेव्हलिंग म्हणतात. बीसीएनसी, कँडल आणि युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, तिघांतही ही सोय आहे. चाचपणी सुरू करण्याआधी टोकाला हाताने तांब्याचा तुकडा टेकवून सेंडरमध्ये संपर्क दिसतो का ते बघा. तार सुटलेली असेल तर मशीन थांबणार नाही, टोक बोर्डात घुसेल.

ऑटोलेव्हलिंगशिवाय बारीक बोर्डाच्या वाटेला जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

फुकट आहे म्हणून इतका त्रास का?

फुकट असण्याशी त्रासाचा संबंध कमी, सांभाळणाऱ्यांच्या संख्येशी जास्त. असे प्रकल्प मोजकी माणसं आपल्या रिकाम्या वेळात चालवतात. एखादी लायब्ररी बदलली की लगेच नवी आवृत्ती काढणं त्यांना दर वेळी शक्य नसतं. बदल्यात जे मिळतं ते मोठं आहे: जीआरबीएल आणि कीकॅड जीपीएल परवान्याखाली, फ्लॅटकॅम एमआयटी परवान्याखाली. कुणी कंपनी बंद पडली म्हणून तुमचं मशीन मुकं होत नाही, आणि जुनी आवृत्ती जुन्या लायब्ररींसह कायम चालवता येते. फक्त उतरवून घेताना प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्या. तीच नावं लावून भलतंच काही गळ्यात मारणारी पानं शोधात वर येतात.

कारखान्यातूनच मागवलं तर?

कित्येकदा तेच योग्य. कारखान्याच्या बोर्डात भोकांच्या आतून तांब्याचा लेप असतो, त्यामुळे वरचा आणि खालचा थर आपोआप जोडला जातो. आपल्याला तिथे तार घालून दोन्हीकडून सोल्डर करावं लागतं. सोल्डर इकडेतिकडे पसरू न देणारा हिरवा मास्क असतो. वाटाही ०.१५ मिलिमीटरपर्यंत बारीक चालतात. घरच्या मशीनवर ०.२ मिलिमीटरही काळजीचं काम आहे. दाट पायांची चिप, चार थर, किंवा पन्नास बोर्ड हवे असतील तर मशीन चालू करू नका.

पण सर्किट अजून पक्कं झालेलं नसताना, सकाळी डिझाइन करून संध्याकाळी तपासायचं असेल आणि उद्या त्यात बदल होणार हे माहीत असेल, तेव्हा कोरलेल्या बोर्डाला तोड नाही. रसायन नाही, वाट पाहणं नाही.

आणि धूळ?

हा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो सॉफ्टवेअरने सुटत नाही. नेहमीचा एफआर-४ बोर्ड काचेच्या धाग्यांचा असतो. कोरताना उडणारी बारीक धूळ श्वासात जाऊ देऊ नये. कणांसाठी असलेला चांगला मास्क लावा, टोकाजवळ व्हॅक्यूमची नळी धरा, नंतर ओल्या फडक्याने पुसा. फुंकर मारू नका. शिकताना एफआर-१ बोर्ड घ्या. तो कागद आणि रेझिनचा असतो, त्यात काच नसते आणि टोकंही कमी झिजतात.

बसवलेलं टिकवायचं कसं?

पहिला बोर्ड नीट निघाला की त्याच दिवशी तीन गोष्टी साठवा. सेंडरमध्ये दोन डॉलर चिन्हं देऊन आलेली सेटिंगांची यादी मजकूर फाइलमध्ये उतरवा. कंट्रोलर बदलला किंवा त्याची स्मृती पुसली गेली तर ती लागते. व्हेन्वमधल्या सगळ्या लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी पिपच्या ‘फ्रीझ’ या हुकमाने मिळते, ती त्याच फोल्डरात ठेवा. आणि ज्या आकड्यांवर बोर्ड चांगला आला ते, म्हणजे टोकाचा कोन, खोली, फीड (टोक पुढे सरकण्याचा वेग), स्पिंडलचा वेग, बोर्डाच्या प्रकारासह लिहून ठेवा. नव्या संगणकावर जायची वेळ आली की या तीन फाइलींवरून सगळी साखळी पुन्हा उभी राहते, आणि तेव्हाही सुरुवात केबलपासूनच करायची.